'कर्ता' कोण? : 'धग' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांतील सत्तेचा विचार

सत्ता हा मराठी कादंबरीचा विषय म्हटला की अरुण साधू यांच्या 'सिंहासन' (१९७७) या कादंबरीचे नाव प्रथम घेतले जाते. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) या संदर्भात सहसा कोणाला आठवत नाही. ती दारिद्र्याची, ग्रामीण जीवनाची, फार तर सोशिक स्त्रीची कादंबरी म्हणून अभ्यासली जाते. साधू अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचे. शेळके यांचे लेखनही अमरावतीशी निगडित. एकाच जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या या दोन कादंबऱ्यांपैकी एक मंत्रालयात घडते, तर दुसरी वऱ्हाडातील खेड्यात, एका शिंप्याच्या घरात. तरीही सत्ता वापरण्याचे एक तंत्र दोहोंत समान आहे.

'सिंहासन'विषयी एक गैरसमज आधी दूर करणे आवश्यक आहे. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ कोसळून पुलोदचे सरकार आले. १९७९ मध्ये जब्बार पटेल यांचा चित्रपट आला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि त्यातील गाजलेले गीत अमरावतीच्याच सुरेश भटांचे. पुढे अनेकांनी कादंबरी या घडामोडींच्या उजेडात उलटी वाचली आणि पात्रांमागचे खरे पुढारी शोधण्यात धन्यता मानली. कादंबरी मात्र सत्तांतराच्या आधीची आहे. ती व्यक्तींची नक्कल करीत नाही, सत्तेची रीत दाखविते.

ती रीत कोणती? मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांचे सामर्थ्य त्यांनी दिलेल्या आज्ञांत फारसे नाही, ते लांबविलेल्या निर्णयांत आहे. मंत्रिमंडळात फेरबदल होणार, एवढी नुसती शक्यता हवेत राहिली की इच्छुक आपोआप बांधले जातात. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांची महत्त्वाकांक्षाही या प्रतीक्षेवरच पोसली जाते. कामगारनेता डिकास्टा याच्या हाती संपाचे हत्यार आहे, पण ते उगारण्याच्या धाकातच त्याचे मोल अधिक. पत्रकार दिगू टिपणीस याला सारे दिसते. मात्र पाहणे आणि बदलणे यांतील अंतर त्याला ओलांडता येत नाही. येथे सत्तेचा 'वापर' कोठे संपतो आणि 'गैरवापर' कोठे सुरू होतो, हे निश्चित सांगता येत नाही. नियम कोणी मोडलेला नसतो. फक्त वेळ योजून वापरलेली असते.

'न करणे' हे सत्तेचे साधन आहे, ही गोष्ट ध्यानात घेऊन 'धग'कडे वळले की महादेव वेगळाच दिसू लागतो.

मराठीत कुटुंबप्रमुखाला 'कर्ता' म्हणतात. 'धग'मध्ये कर्ता आणि क्रिया यांची पूर्ण फारकत झालेली आहे. महादेव घरचा कर्ता आहे, परंतु काही करीत नाही. कौतिक सारे करते, परंतु कर्ती ठरत नाही. समीक्षेने महादेवला 'निष्क्रिय' म्हणून बाजूला सारले आणि कौतिकची झुंज 'परिस्थिती'शी लावून दिली. हा शब्द फार सोयीचा आहे. परिस्थितीला चेहरा नसतो, म्हणून तिला जाबही विचारता येत नाही. महादेवची निष्क्रियता हा केवळ स्वभावदोष मानला की तिच्यामागचे अधिकाराचे बळ दिसत नाही. काम न करण्याची मुभा घरात फक्त त्यालाच आहे. कौतिकने हात आखडता घेतला तर चूल विझते. महादेवने घेतला तर घर चालविण्याचा भार कौतिकवर वाढतो, त्याचे स्थान मात्र ढळत नाही. तिने जमवावे आणि त्याने ते नुसत्या बसण्याने निष्फळ करावे, यासाठी मारझोडीचीही गरज लागत नाही. जिवाजीरावांचे थांबणे हिशेबी आहे, महादेवचे तसे नाही. पण न करण्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, ही व्यवस्था दोन्हीकडे एकच.

शिंप्याच्या धंद्याचे अर्थकारणही येथे विचारात घ्यावयास हवे. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. अमरावती-अकोल्याच्या बाजारात कापूस विकला जातो तेव्हा खेड्यात पैसा खेळतो आणि तेव्हाच शिवणाला गिऱ्हाईक मिळते. ते हंगामाचे दिवस हातचे गेले तर पुढचे दिवस उधारीचे. अशा धंद्यात एका माणसाचा आळस ही खाजगी बाब राहत नाही.

महादेव पुढे दुर्धर रोगाने ग्रासला जातो. आता तरी अधिकार कौतिककडे यावा, अशी वाचकाची अपेक्षा असते. घडते उलटे. सशक्त महादेवला निदान बोल लावता येत होता. आजारी महादेव दयेला पात्र ठरतो आणि त्याचा तिच्यावरील हक्क वाढतो.

तथापि कौतिकला केवळ बळी ठरविणेही कादंबरीवर अन्याय करणारे होईल. तिच्याकडे एक अधिकार आहे: मुलांवरचा. भीमा, नामा आणि यसोदा यांच्या आयुष्याचे आराखडे तीच मनाशी बांधते. नवऱ्याकडून जे मिळाले नाही, ते मुलांकडून मिळवावे, हा तिचा हट्ट त्यांच्यावर ओझे होतो. भीमा तिच्या हातून निसटतो, त्यात बापाच्या उदाहरणाइतकाच आईच्या अपेक्षेचाही वाटा असावा. शेळके तिला दोष देत नाहीत, तिची वकिलीही करीत नाहीत. हा संयम 'सिंहासन'मध्ये तितकासा नाही. तेथे उपरोधाचा सूर वाचकाला आधीच सावध करतो.

भाषेच्या बाबतीतही हा संयम जाणवतो. पात्रे वऱ्हाडीत बोलतात, निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीत चालते. एरवी अशा विभागणीत बोलीला विनोदाचे किंवा 'रंगाचे' काम मिळते आणि निवेदक तिच्यावर अधिकार गाजवितो. 'धग'मध्ये वऱ्हाडी हीच विचार करण्याची, आकडेमोडीची, भांडणाची भाषा आहे. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या महाविद्यालयात घरी हीच बोली बोलणारा विद्यार्थी कौतिकविषयी 'सहनशीलतेची मूर्ती' असे छापील प्रमाण मराठीत लिहितो, तेव्हा कौतिकचे बोलणे त्याच्या उत्तरातून बाद झालेले असते. मूर्ती बोलत नाही. कौतिक मात्र बोलते, फटकारते, हिशेब मागते. तो हिशेब कादंबरी संपेपर्यंत महादेवने दिलेला नसतो.