पडद्यावरील कळ

सन २०२४ च्या मे महिन्याच्या १३ तारखेस अहमदनगर व शिर्डी या मतदारसंघांत लोकसभेचें मतदान झालें, तेव्हां पुष्कळ पालकांनीं मतयंत्राची निळी कळ दाबली असेल. एकदां मत नोंदलें गेलें कीं तीच कळ दहा वेळां दाबली तरी भर पडत नाहीं. अधिकारी आपल्याजवळील यंत्राची कळ दाबीपर्यंत ती बहिरीच राहते.

संगणकाच्या पडद्यावरील कळ मात्र केवळ चित्र होय. माउसानें तीवर टिचकी मारिली कीं 'अमुक ठिकाणीं टिचकी पडली' एवढीच वर्दी रांगेंत उभी राहते. आज्ञावली एकेक वर्दी घेऊन, तेथें कोणती कळ आहे हें पाहते व तिच्याशीं आगाऊ जोडलेलें काम चालविते.

आतां परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी 'शुल्क भरा' ही कळ दाबतो असें समजूं. तें लांबलचक काम तेथेंच चालूं केलें, तर रांग तुंबते व पडदा थिजतो. मुलगा घाबरून पुन्हा कळ दाबतो. (यांत दोष त्याचा नव्हे, असें आमचें मत आहे.) दुसरी वर्दी निमूटपणें थांबते, आणि पहिलें काम संपतांच शुल्क दुसऱ्यांदा कापलें जाण्याचा संभव असतो.

म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्या मुलांनो, प्रथम कळ बंद करा. पण एवढ्यानें भागत नाहीं. काम तेथेंच उरकून शेवटीं कळ उघडली, तर रांगेंत थांबलेली टिचकी नेमकी उघड्या कळीवर येऊन पडते! लांब काम रांगेबाहेर, निराळ्या धाग्यावर सोपवावें, आणि पैसे गेले नाहींत अशी खात्री झाल्यावरच कळ पुन्हा उघडावी.