हिरवळीखालची हरळी

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ‘ऑगस्टा नॅशनल’च्या मैदानावर एप्रिलमध्ये मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा रंगते. १९३४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेची हिरवळ टीव्हीवर पाहताना तिथे एकच गवत असावं असं वाटतं. प्रत्यक्षात फेअरवेवर, म्हणजे चेंडू मारत पुढे न्यायच्या कापलेल्या पट्ट्यांवर, दोन गवतं एकाच मातीत नांदतात. डोळ्यांना दिसतं ते राय गवत. त्याच्या खाली असते बर्म्युडा गवताची संकरित जात. आपण गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो त्या हरळीची सख्खी नातलग.

हरळीला ऊन हवं. माती साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली गेली की तिची वाढ थांबते, हिरवा रंग उडतो आणि सगळं मैदान वाळक्या काडीसारखं दिसू लागतं. पण ती मेलेली नसते. पानं वाळली तरी जमिनीखालच्या खोडांत पिष्टाचा साठा शाबूत असतो. म्हणून हिवाळा सुरू होण्याआधी तिच्यावर रायचं बी पेरलं जातं आणि थंडीभर मैदान हिरवं राहतं.

हा फरक प्रकाशसंश्लेषणातला आहे. राय गव्हाच्या पंक्तीतलं, हरळी ज्वारी-उसाच्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर उन्हाळ्यात चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि गव्हासारख्या वनस्पतींची बरीच ऊर्जा वाया जाते. ज्वारी, ऊस आणि हरळी आधी कार्बन डायऑक्साइड एकवटतात, मगच तो रुबिस्कोकडे सोपवतात. त्यामुळे कडक उन्हात त्यांची सरशी होते. गारव्यात मात्र राय पुढे राहतं.

खरी कसोटी लागते ती वसंतात. मार्च-एप्रिलच्या उबेत राय जोमात असतं, नेमकी तेव्हाच हरळी जागी होऊ लागते. अशा मैदानातला मातीचा एक गड्डा काढून पाहिला, तर वर रायची दाट, चकचकीत पाती दिसतात आणि खाली पांढरट, पेरेदार खोडावर तांदळाच्या कणीएवढा फिकट कोंब. त्या कोंबाला ऊन मिळालं नाही, तर साठवलेलं पिष्ट खर्चून तो थकतो. वर सारं हिरवंगार असतं आणि खाली उन्हाळ्याचं गवत उपाशी मरत असतं.

म्हणून जाणकार माळी पानाच्या रंगाआधी मातीचं तापमान बघतो. दहा सेंटिमीटर खोलीवर ते १८ अंशांच्या आसपास टिकू लागलं की हरळीची वाढ सुरू होते. त्याआधी नत्र भरभरून दिलं, तर ते रायच्याच तोंडी पडतं. माती तापली की कापणी खाली आणायची, म्हणजे ऊन कोंबांपर्यंत पोचतं. आणि हरळीनं जोर धरल्यावरच तिला खत द्यायचं. पुढे उकाड्यानं राय आपोआप मागे हटतं.

ऑगस्टाच्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू हलकेच टोलवून छिद्रात घालतात त्या तुकड्यांवर, प्रश्न उलटा आहे. तिथे १९८१पासून थंड हवेचं बेंट गवत आहे. जॉर्जियाच्या उकाड्यात त्याची मुळं गुदमरू नयेत म्हणून जमिनीखालच्या सच्छिद्र नळ्यांना पंखे जोडलेले आहेत. ते जास्तीचं पाणी खाली ओढतात आणि मुळांशी ताजी हवा खेळवतात.

आपला शेतकरी हरळीला वैतागतो. कितीही खणून काढा, तुकडा राहिला की पुन्हा फुटते. ज्या साठ्याच्या बळावर ती शेतात हटत नाही, त्याच साठ्यावर गोल्फचं उन्हाळी मैदान उभं राहतं. तो साठा एकदा रिता झाला, तर नंतर ओतलेलं पाणी आणि खत बव्हंशी फुकट जातं. क्रीडांगण असो वा सोसायटीची बाग, आजच्या हिरव्या रंगाच्या मोहापायी उद्याचं गवत गमावणं हा सगळ्यात महागडा सौदा आहे.