लहान तानपुरा घेताना
बेळगावजवळच्या कडोलीच्या भजनी मंडळाला किंवा गाणं शिकणाऱ्या मुलीला तानपुरा घ्यायचा, तर पावलं मिरजेकडेच वळतात. बेळगावहून थेट रेल्वे आहे, आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. प्रश्न एवढाच : पाच फुटी मर्दानी किंवा चार फुटी जनानी तानपुरा घ्यायचा, की मांडीवर मावणारी तानपुरी?

आखूड वाद्यात तारेचं गणित बदलतं. तार तीच, सूर तोच, पण लांबी घटली की ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. उदाहरणार्थ, बास गिटारच्या तारेची लांबी 34 इंचांऐवजी 30 इंच घेतली, तर ताण सुमारे 22 टक्क्यांनी कमी होतो. बोटांना सुख, पण खालचा सूर जरा बसका. तानपुरीतही खर्जाचीच तार आधी दगा देते; ती जाड लावून थोडं निभावतं, एवढंच.

म्हणून दुकानात जोडाच्या तारांवर भाळू नका. खर्ज एकटा छेडा आणि कान घोडीजवळ न्या. तारेखालचा दोरा केसभर सरकवला की जवारी उघडायला हवी, आवाज मधमाश्यांच्या गुंजारवासारखा भरून यायला हवा. कितीही सरकवून तार मुकीच राहिली, तर घोडी पुन्हा घासून मागा. खुंट्या पिळून पाहा. सुटत असतील तर रोजचा वैताग. भोपळा असेल तर उजेडात धरून चीर शोधा. नक्षीचे पैसे मात्र कानाला ऐकू येत नाहीत.

प्रवासाला तानपुरी चालेल. घरी जागा असेल तर रियाजाला चार फुटी जनानी तानपुराच घ्या.