मोरीवर बसणाऱ्याने आधी स्वतःस ओळखावे

पुढारीपण म्हटले की सभा, हार व भाषणे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु गावाच्या पुढारीपणाची खरी कसोटी धान पोटरीवर आले असता व पावसाने दडी मारली असता तलावाच्या मोरीवर लागते.

आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याचे तलाववैभव मात्र फार पुरातन आहे. कोहळी शेतकऱ्यांनी उतार पाहून पाळी बांधल्या व नवेगावबांधासारखे जलाशय निर्माण केले. सन १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. म्हणूनच त्यांस 'माजी मालगुजारी' अथवा 'मामा' तलाव म्हणतात. पूर्वी मोरीवर मालगुजाराचा शब्द चाले; आता पाळ्या गावानेच ठरवावयाच्या असतात. सन २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थेच्या कारभारात नहराच्या शिरावरील, मधल्या व शेवटाच्या शेतकऱ्यांस प्रतिनिधित्व दिले आहे. तथापि पाळी ठरविणाऱ्याच्या मनात काय आहे, हे कोणताही कायदा तपासू शकत नाही.

याचा अनुभव मजला स्वतःच आला. महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर, हिशेबी मनुष्य म्हणून गावाने पाळ्यांची वही माझे हाती दिली. माझी बांधी मोरीलगतच आहे. पहिल्याच टंचाईत मी पहिली पाळी स्वतःस लाविली. जवळचे शेत आधी भिजले म्हणजे पाणी वाया जात नाही, असे कारणही दिले. तेव्हा नहराच्या शेवटचे एक वृद्ध शेतकरी शांतपणे म्हणाले, "बाबूजी, हिशेब चुकला नाही. पण तुमची बांधी माझ्या जागी असती, तर हाच हिशेब मांडला असता काय?"

मजजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्यांच्या नोंदींतील चुका शोधण्यात माझा जन्म गेला. परंतु माझाच लोभ न्यायाचे वस्त्र पांघरून वहीत शिरला, तो मला दिसला नाही. पुढील पाळी शेवटाकडून सुरू केली. मोरीलगतच्या शेतास पाझराचा ओलावा थोडाबहुत मिळतो, शेवटच्यास तोही नाही, हे मी मुद्दामच विसरलो होतो. त्या वर्षी माझ्या उंच बांधीतील काही धान पोचट निघाले, हे खरे. पण रात्री नहर फोडण्याचे प्रकार थांबले व वहीवर लोकांचा विश्वास बसला.

म्हणून माझी विनंती एवढीच की, निर्णय देण्यापूर्वी प्रत्येकाने आपणास तीन प्रश्न विचारावेत: यात माझा लाभ किती? समोरच्याच्या जागी असतो तर हे मान्य केले असते काय? आणि कोणाचे म्हणणे ऐकण्याचे मी टाळीत आहे? हे प्रश्न घरातील वाटणीस, मजुरांच्या कामास व बांधाच्या तंट्यासही लागू पडतात. गावास उत्तर देण्यापूर्वी ते स्वतःस द्यावे. मग वही उघडावी.