"घरीच असते" म्हणजे नेमकं काय करते?



समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना पाहणीचा प्रकल्प आला की घरोघरी एकच धांदल उडते. विषय काय घेऊ, फॉर्म किती भरू, कुणाला विचारू! आपल्या नाशिकमध्ये तर १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी जणींना वाट मिळाली. त्यामुळे प्रकल्प करणारी कधी लेक असते, तर कधी तिची आई. आज या प्रकल्पाची आखणी कशी करायची ते बघू. ज्यांना प्रकल्प करायचा नाही त्यांनीही ऐका, कारण उद्या तुमच्या दारात कुणीतरी फॉर्म घेऊन येणारच आहे.

समजा, एक विद्यार्थिनी निफाड तालुक्यातल्या एका गावात जाते आणि विचारते, "मावशी, तुम्ही काही काम करता का?" मावशी पदराला हात पुसत म्हणतात, "नाही गं बाई, घरीच असते." मुलगी "काम नाही" या चौकोनात खूण करते आणि पुढच्या घरी जाते. मावशी मात्र पहाटे पाचला उठलेल्या आहेत. पाणी भरलं, धार काढली, डबे केले. दुपारी त्या घरच्या चाळीतला कांदा निवडायला बसणार आहेत. हे सगळं फॉर्मवर आलं शून्य! मावशी खोटं बोलल्या नाहीत आणि मुलीनेही चुकीची खूण केली नाही. चुकला तो प्रश्न.

ही चूक नवशिक्या विद्यार्थ्यांपुरती नाही. आपल्या जनगणनेचंच बघा. १९६१ साली देशात काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या ६ कोटींच्या जवळपास नोंदली गेली. १९७१ साली ती ३ कोटींच्या थोडी वर आली. मधल्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या जवळपास ११ कोटींनी वाढली होती. मग निम्म्या बायका काम सोडून घरी बसल्या का? तसं नव्हतं. मोठा फरक व्याख्येचा होता. १९६१ साली हंगामात नियमित केलेलं थोडं कामही धरलं जात होतं. १९७१ साली आधी मुख्य काम विचारलं गेलं. "घरकाम" असं उत्तर आलं, की ती बाई काम न करणाऱ्यांत गेली आणि तिचं शेतातलं काम दुय्यम म्हणून बाजूला राहिलं. पुढे १९८१ साली, गेल्या वर्षात कधीही काम केलं का, असं विचारायला लागले. १९९१ साली त्या प्रश्नात शेतातलं आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरा, असे शब्द घातले. तेव्हा शब्द बदलला की कोट्यवधी बाया मोजणीत येतात किंवा मोजणीतून जातात. म्हणून प्रकल्पाचा जास्तीत जास्त वेळ आखणीला द्यायचा.

पहिली पायरी विषय लहान करण्याची. "स्त्रियांच्या समस्या" हा विषय दोन महिन्यांत पेलणारा नाही. "आमच्या गावातल्या विवाहित स्त्रिया दिवसभरात कोणकोणती कामं करतात आणि त्यातल्या कोणत्या कामाचे पैसे मिळतात?" हा पेलतो. लहान म्हणजे हलका नव्हे. डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे एकच गाव अभ्यासलं, त्याचं पुस्तक १९१७ साली निघालं आणि अभ्यासक अजून त्याचा आधार घेतात.

दुसरी पायरी, कुणाला विचारायचं. ओळखीच्या दहा घरी जाऊन फॉर्म भरले, तर ती पाहणी आपल्या मैत्रिणींची होते, गावाची नाही. वस्तीत १२० घरं असतील आणि ४० हवी असतील, तर घरांची यादी करा. एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या टाकून सुरुवातीचं घर ठरवा आणि तिथून दर तिसरं घर घ्या. घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊ नका, संध्याकाळी पुन्हा जा. सकाळी अकराला कुलूप असलेलं घर बहुधा कामाला गेलेल्या बाईचं असतं. तिला वगळलं, तर "बायका कामाला जात नाहीत" हाच निष्कर्ष निघणार.

वेळेसारखाच हंगामही बघायचा. पेठ-सुरगाण्याच्या अनेक जणी द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत कामाची रीघ असते, पुढे विरळणी आणि मग काढणी. पावसाळ्यात त्याच बाया आपल्या गावी भात-नागलीच्या लावणीत असतात. तेव्हा "गेल्या आठवड्यात काय केलं?" या प्रश्नाला जुलैत एक उत्तर मिळेल आणि जानेवारीत दुसरं. कोणत्या काळाबद्दल विचारतो ते प्रश्नातच सांगा आणि अहवालातही लिहा.

तिसरी पायरी प्रश्नावलीची. "काम करता का?" याऐवजी "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं?" असं विचारा. सरकारच्या २०१९ सालच्या वेळवापर पाहणीत अशीच आदल्या दिवसाची चोवीस तासांची नोंद अर्ध्या अर्ध्या तासाने घेतली होती. त्यातून दिसलं, की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे पाच तास! "घरीच असते" या दोन शब्दांत ते कधी दिसले असते का?

एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका. "पाणी आणि वीज वेळेवर मिळते का?" याला बाईने काय उत्तर द्यावं? वीज येते, पाणी येत नाही! आपलं मत प्रश्नात घालू नका. "नवरा घरात मदत करत नाही, हे चुकीचंच ना?" असं विचारलं तर उत्तर तुमचं, तोंड तिचं. "घरात स्वयंपाक कोण कोण करतं?" एवढं विचारा आणि थांबा.

प्रश्नावली झाली की लगेच छापू नका. आधी पाच जणींना विचारून बघा. जिथे ती "म्हणजे काय?" म्हणेल, तो प्रश्न बदला. जिथे पाचही जणींचं उत्तर एकच येईल, तिथे प्रश्न ठेवायचा का, याचा विचार करा.

चौथी पायरी दारात उभं राहण्याची. तुम्ही कोण, कुठे शिकता, माहिती कशासाठी हवी ते आधी सांगा. "योजनेच्या यादीत नाव येईल का?" असं विचारलं जाईल. येणार नाही, हे स्पष्ट सांगा. खोट्या आशेवर मिळालेलं उत्तर कामाचं नसतं, आणि आशा लावणं योग्यही नसतं. फॉर्मवर नाव न घालता क्रमांक घाला. बाई नको म्हणाली तर नमस्कार करून निघा. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर पैशांचे प्रश्न मागे ठेवा, बोलणं सहज झालं की विचारा. जमलं नाही तर ती जागा कोरी ठेवा, मनाने भरू नका.

शेवटची पायरी हिशोबाची. चाळीस फॉर्म झाले की मोठ्या कागदावर रकाने आखा, एका बाईची एक ओळ. समजा, अठरा जणींनी शेतात बिनपगारी काम केलं असेल, तर "४० पैकी १८" असं लिहा. "नाशिक जिल्ह्यातल्या ४५ टक्के स्त्रिया" असं लिहू नका. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती, आपण एका वस्तीतल्या चाळीस जणींना भेटलो. जेवढं पाहिलं तेवढंच सांगावं.

आठ आठवडे हाताशी असतील तर पहिले चार विषय, वाचन, प्रश्नावली आणि चाचणीला द्या. पुढचे दोन घरोघर फिरायला, एक तक्त्यांना आणि एक लिहायला.

आणि ज्यांच्या दारात ही मुलं येतील त्या मैत्रिणींनो, घोटभर पाणी द्या आणि "घरीच असते" म्हणून दार लावू नका. पहाटेपासूनची कामं एकेक करून सांगा, तिला लिहायला वेळ लागला तर लागू द्या.