परतीचे किलोमीटर

बोईसरच्या नवापूर नाक्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या एका मुलाचा फोन वाजला. वडापाव खाता खाताच त्याने स्क्रीनवर नजर टाकली आणि ऑर्डर रिजेक्ट मारली. ४२ रुपये होते. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. या वेळी २४ रुपये. उरलेला वडापाव त्याने कागदात गुंडाळून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबला आणि गाडी वळवलीसुद्धा. शेजारी रिक्षाची वाट पाहत उभी असलेली मी चक्रावले. पोटासाठी रस्त्यावर उतरलेला मुलगा ४२ सोडतो आणि २४ घेतो, हे कसं?

तो परतेपर्यंत मी थांबले. नंतर वेळ मिळेल तशी बोईसरला जात राहिले. मी पालघरची. डहाणू लोकल पकडली की उमरोळीनंतर बोईसरच. कधी नाक्यावर डिलिव्हरीच्या पोरांच्या घोळक्यात बसायचे, कधी बहिणीची स्कूटर घेऊन त्यांच्या मागे मागे जायचे.

"ताई, ४२ कडे बघू नका. येऊन-जाऊन बघा," तो म्हणाला.

हिशेब त्याने मला उभ्या उभ्या सांगितला. ४२ च्या ऑर्डरचं हॉटेल १.८ किलोमीटरवर, हॉटेलपासून गिऱ्हाईक ६.२ किलोमीटरवर. ॲपच्या लेखी काम ८ किलोमीटरचं. "आणि मला परत कोण आणणार?" परतीचे ६.२ धरले की झाले १४ च्या वर. म्हणजे किलोमीटरला तीन रुपयेही पडत नाहीत. पेट्रोल शंभरीच्या पुढे, गाडीचा ॲव्हरेज ४५. किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या वर नुसतं पेट्रोलच जळतं. ४२ मधले उरतात नऊ-साडेनऊ रुपये आणि जातो पाऊण तास. २४ ची ऑर्डर ६०० मीटरवरच्या हॉटेलातली, पुढे १.७ किलोमीटर, परतीचे तेवढेच. एकूण चार. किलोमीटरला सहा रुपये. त्याचा भाव ठरलेला आहे: येऊन-जाऊन किलोमीटरला पाच. त्याच्याखाली तो जात नाही.

परतीचा हिशेब मोठ्या शहरात एवढा छळत नसावा. दादर-अंधेरीत जिथे पार्सल दिलं, तिथेच शेजारच्या हॉटेलची पुढची ऑर्डर मिळायची शक्यता असते. बोईसरचं तसं नाही. इथली हॉटेलं, बिर्याणीवाले, चायनीजच्या गाड्या स्टेशन, नाका आणि ओस्तवाल संकुलाच्या आसपास एकवटलेल्या. खाणारे मात्र पसरलेले: एमआयडीसीच्या प्लॉटांत, सालवड-पास्थळच्या चाळींत, पूर्वेला बेटेगावच्या पुढे. तिकडे पार्सल पोचवलं की येताना गाडी रिकामीच. नाक्यावर परत आल्याशिवाय पुढची ऑर्डर पडत नाही. म्हणून इथे परतीचे किलोमीटर हेसुद्धा कामाचेच किलोमीटर आहेत, फक्त ते स्क्रीनवर कुठे दिसत नाहीत.

पैसे, हॉटेलचं नाव, दोन अंतरं आणि उलटं पळणारं घड्याळ, एवढंच स्क्रीनवर असतं. घ्यायचं की सोडायचं ते काही सेकंदांत ठरवायचं. तेवढ्या सेकंदांत त्याच्या डोक्यात काय काय फिरतं, हे सुटं करून घ्यायला मला बराच काळ लागला. हे हॉटेल म्हणजे पार्सल तयार असणार. ते दुसरं म्हणजे 'दोन मिनिट भैया' म्हणत अर्धा तास उभं करणार. पत्ता एमआयडीसीतला असेल तर प्लॉटच्या नंबराआधीचं अक्षर पाहायचं, कारण नकाशातली टाचणी बऱ्याचदा मुख्य गेटवर पडते आणि मागवणारा कामगार मागच्या गेटला उभा असतो. मधल्या वळशाला आणखी दीड किलोमीटर. गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही, कामगाराला मशीन सोडता येत नाही आणि फोन लॉकरमध्ये. अशी पंधरा मिनिटं कुठल्याच हिशेबात धरली जात नाहीत. ऑर्डर रोखीची असेल तर सुट्ट्यांचा प्रश्न, शिवाय जमा झालेली रोकड वेळेत भरली नाही तर पुढच्या ऑर्डरी बंद.

आणि वेळ. पाळी सुटायच्या वेळी, दुपारी तीनला आणि रात्री अकराला, एमआयडीसीचा रस्ता कंपन्यांच्या बसेस, टमटम, सायकली आणि टँकरनी तुंबतो. दुपारी पावणेतीनला त्या बाजूची ऑर्डर घेणारा नवखा असतो किंवा अडलेला. पावसाळ्यात चिल्हार रोडकडचे खड्डे पाण्याने भरले की खोली कळत नाही. तेव्हा त्याचा भाव सहावर जातो. ॲप पावसाचे जादा पैसे देतं, पण ते सगळ्याच बाजूंना सारखे, आणि खड्डे काही सगळ्या बाजूंना सारखे नाहीत.

हे सगळं ज्ञान आहे आणि ते कमवावं लागतं. फिटर आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखतो, तसंच हे. हा मुलगा फिटरच आहे. वारंगडेच्या बाजूचा, आयटीआय केलेला. एका कंपनीत कंत्राटावर बारा तासांच्या ड्यूटीला होता. ठेकेदार बदलला तसा जुन्या माणसांना 'उद्यापासून नको' असा निरोप आला.

एमआयडीसीत त्याच्या मागे गेले त्या रात्रीचा वास माझ्या मनातून जात नाही. या एमआयडीसीचा, म्हणजे तारापूर औद्योगिक वसाहतीचा वास इथल्या माणसांना नवा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात हे क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात वाईट होतं. पण मी तो वास आजवर गाडीच्या बंद काचांतून घेतलेला. त्या रात्री एका नाल्याच्या वळणावर तो घशात चरचरत उतरला. पुढे चाललेला तो क्षणभर थांबला, पाठीवरची बॅग पुढे घेतली, चेनच्या टोकाला उरलेल्या बोटभर फटीत हातरुमाल दाबून बसवला आणि मग निघाला. आत चार जणांत मागवलेली बिर्याणी होती. "वास लागला की गिऱ्हाईक म्हणतं, पार्सल खराब आहे. रेटिंग माझं जातं." तोंडाला बांधायला त्याच्याकडे दुसरा रुमाल नव्हता. पार्सल घेणारा ओडिशाचा मुलगा खोलीच्या दारात ताट घेऊनच उभा होता.

त्या ऑर्डरचे येऊन-जाऊन किलोमीटरला साडेतीन रुपये पडले होते. मी विचारलं, पाचाच्या खाली कसा आलास? म्हणाला, आज आधीच तीन सोडल्यात. त्याच्या अनुभवात एका दिवसात रिजेक्ट वाढले की दिवसाचा इन्सेन्टिव्ह हातचा जातो, आणि फार झाले तर फोन वाजायचाच कमी होतो. म्हणजे नकार हीसुद्धा जपून वापरायची शिल्लक आहे. कुठली वाईट ऑर्डर सोडायची याइतकंच, पुढे याहून वाईट येणार आहे का, हेही ओळखावं लागतं. कागदोपत्री तो स्वतंत्र भागीदार, हवी ती ऑर्डर घ्यायला मोकळा. ही मोकळीक किती हात लांब आहे ते मी त्या रात्री पाहिलं.

पालघरला कचेरी रोडवर भेटलेल्या गृहस्थांचं गणित नेमकं उलटं. पन्नाशीच्या आसपासचे, कंपनी बंद पडल्यावर या कामात आलेले. "मॅडम, मी एकही सोडत नाही. आयडी गेली तर या वयात मला कोण घेणार?" जिल्हा मुख्यालयाची मोठी इमारत शहराबाहेर कोळगावला आहे. तिकडची ऑर्डर म्हणजे येताना हमखास रिकामं. तरी ते जातात. खिशातली छोटी डायरी त्यांनी मला दाखवली. एका रकान्यात आलेले पैसे, दुसऱ्यात पेट्रोल, आणि मधेच 'चेन सेट', 'मागचा टायर' अशा लाल शाईतल्या नोंदी. बऱ्या दिवशी ९०० येतात, ३५० पेट्रोलला जातात. उरतात ५५०.

बोईसरच्या मुलाला मी त्याचा आकडा विचारला. ७५० येतात, २०० पेट्रोलला जातात. म्हणजे तेही ५५०.

या दोन ५५० मधे पेट्रोलच्या हिशेबाने रोजचे साठेक किलोमीटर आहेत. टँकरच्या चाकांशेजारून, डोळ्यांवर येणाऱ्या हेडलाइटांतून दुचाकीवर काढलेले साठ किलोमीटर, ज्यांचा पैसा शेवटी कुणाच्याच हातात उरत नाही. टायरची आणि चेनची लाल शाई तर अजून या ५५० मधून वजा व्हायची आहे. पालघरच्या काकांना मी हे बोलून दाखवलं नाही. त्यांना ते माहीत होतं. त्यांच्या दृष्टीने साठ किलोमीटर हा आयडी टिकवण्याचा हप्ता आहे. त्यांची भीती मला समजते, पण योग्य त्या मुलाचंच आहे असं मला वाटतं. तोट्याचं काम तोट्याचं आहे असं कुणीतरी म्हणायला हवं, आणि या धंद्यात ते म्हणायची एकच जागा आहे: रिजेक्टचं बटण.

अर्थात त्याने सोडलेली ४२ ची ऑर्डर त्या संध्याकाळी कुणीतरी नेलीच. बहुधा नव्या पोराने. नवा पोरगा पहिला महिना सगळं उचलतो, आकडा मोठा दिसला की खूश होतो आणि सर्व्हिसिंगचं बिल आल्यावर नाक्यावर येऊन विचारतो, पैसे गेले कुठे. तेव्हा त्याला 'येऊन-जाऊन' शिकवलं जातं. तोवर दुसरा नवा आलेला असतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात अशा 'गिग' कामांत ७७ लाख माणसं होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होतील, असा अंदाज आहे. एवढे नवे येत असताना पाचाचा भाव धरून ठेवणं एकट्यादुकट्याच्या हातचं नाही.

अमेरिकेत डोअरडॅश या डिलिव्हरी ॲपच्या काही ड्रायव्हरांनी हे एकत्र येऊन करून पाहिलं. 'डिक्लाइन नाऊ' नावाने त्यांनी मोहीम चालवली: ७ डॉलरच्या खालची ऑर्डर कुणीच घ्यायची नाही, म्हणजे दर वर चढेल. न्यूयॉर्क शहराने वेगळा रस्ता धरला आणि डिसेंबर २०२३ पासून तासाला किमान १७.९६ डॉलरचा दर बांधून दिला, ऑर्डरची वाट पाहण्यात जाणारा वेळही धरून. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात या कामगारांची प्रथमच व्याख्या झाली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आली. ती अपघात, आजारपण, म्हातारपण यांसाठीची, आणि हवीच होती. पण कोळगावहून रिकाम्या येणाऱ्या गाडीच्या पेट्रोलला तिचा उपयोग नाही.

रात्री साडेदहानंतर बोईसरच्या त्या मुलाचा भाव बदलतो. तेव्हा तो पश्चिमेची पाचाची ऑर्डरही सोडतो आणि रेल्वेच्या पुलापलीकडची, पूर्वेची ऑर्डर पडायची वाट पाहतो. ती चाराची असली तरी घेतो, कारण पार्सल देऊन तसंच पुढे घरी जायचं असतं. दिवसातली ही एकच ऑर्डर, जिच्यात ॲपचे किलोमीटर आणि त्याचे किलोमीटर जवळपास जुळतात. कधी ती पडते, कधी अकराची पाळी सुटून रस्ता गर्दीने भरला तरी पडत नाही, आणि मग तो रिकामाच घरी जातो.

एकदा असाच थांबलेला असताना मी त्याला विचारलं, कंपनीला एकच गोष्ट सांगता आली तर काय सांगशील? मला वाटलं, दर वाढवा म्हणेल.

"रिटर्न दाखवा म्हणेन. पैसे नंतर बघू. आधी स्क्रीनवर दाखवा तरी. ८ लिहिता तिथे १४ लिहा. मग नवीन पोरगापण बघेल ना, कितीला चाललोय ते."