फांदीवर पेरलेले झाड

कोकणातल्या एखाद्या जुन्या आंबाबागेत माघ-फाल्गुनात मान वर करून हिंडले, की काही फांद्यांची पाने बाकीच्या झाडाशी जुळत नाहीत हे चटकन ध्यानात येते. आंब्याचे पान लांब आणि टोकदार. मधेच दिसणारी ही पाने मात्र जाड, चिवट, बोथट टोकांची आणि फिक्या राखाडी झाकेची असतात. त्यांच्या बेचक्यांतून शेंदरी, किंचित वाकड्या नळीसारख्या फुलांचे घोस डोकावतात. हे बांडगूळ. शास्त्रीय नाव डेंड्रोफ्थी फाल्काटा. आंबा, चिकू, फणस, कडुनिंब, साग अशा तीनशेहून अधिक जातींच्या झाडांवर त्याची नोंद झालेली आहे.

बांडगूळ सगळे आयते खाते हा समज अर्धाच खरा. त्याची पाने हिरवी आहेत आणि उन्हात ती स्वतःची साखर स्वतः बनवतात. त्याला जमिनीत मूळ नाही, म्हणून पाणी आणि क्षार तेवढे ते यजमान झाडाकडून घेते. वनस्पतिशास्त्रात अशा वनस्पतींना अर्धपरजीवी म्हणतात. आपला चंदनही याच गणातला. तो शेजारच्या झाडांच्या मुळांतून जमिनीखाली ओढून घेतो, बांडगूळ उघड्यावर फांदीतून घेते, एवढाच फरक. पण हे घेणे यजमानाला महागात पडते. आंब्याच्या नलिकांमधले पाणी आपल्याकडे वळावे म्हणून बांडगूळ पानांतून भरमसाट बाष्प सोडत राहते. पाण्याची ओढ असतानाही त्याच्या पानांची छिद्रे यजमानाच्या मानाने उघडी राहतात. त्यामुळे बांडगुळाच्या पलीकडचा फांदीचा शेंडा हळूहळू उपाशी पडतो, त्याला मोहोर धरत नाही आणि शेवटी तो वाळतो.

जमिनीला न शिवता हे रोप इतक्या उंचावर पोचते कसे? या प्रश्नावर सलीम अलींनी कोकणातच निरीक्षणे केली आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. तेव्हा या वनस्पतीचे नाव लोरँथस लाँगिफ्लोरस असे होते. त्यांच्या लेखातले मुख्य कर्ते दोन: सूर्यपक्षी आणि फुलटोच्या. फुलातला मध पिताना दोघेही परागकण इकडून तिकडे नेतात. बी पेरण्याचे काम मात्र मुख्यतः फुलटोच्याचे.

हा पक्षी जेमतेम आठ सेंटिमीटरचा, मातकट रंगाचा, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. बागेत तो दिसण्याआधी त्याचे टिक-टिक ऐकू येते. बांडगुळाचे पिकलेले फळ त्याच्या चोचीत मावण्याएवढेच असते. आत एकच बी, आणि तिच्याभोवती व्हिसिन नावाच्या चिकट द्रव्याचा थर. फळ बोटांनी चिरडून पाहा: बी बोटाला घट्ट चिकटते, झटकली तर पडत नाही, आणि ओढली की त्या द्रव्याचा सुतासारखा धागा लांबत जातो. पक्ष्याच्या पोटात गर पचतो, पण बी काही मिनिटांतच तो चिकटा घेऊन बाहेर पडते. ती सहजी सुटत नाही, म्हणून फुलटोच्या फांदीवर अंग घासतो आणि बी सालीला लावून टाकतो. मातीत पडलेली बी मरते, सालीवर चिकटलेली जगते. पेरणी इतकी नेमक्या जागी व्हावी अशी सोय वनस्पतिसृष्टीत क्वचितच सापडेल.

पुढचे काम बी स्वतः करते. तिला रुजायला माती लागत नाही. हिरवा कोंब बाहेर येतो, उजेडाकडे पाठ करून सालीकडे वळतो आणि टोकाशी चपटी चकती तयार करून तिथेच बसकण मारतो. चकतीखालून निघालेले शोषकमूळ साल भेदून लाकडापर्यंत जाते आणि पाणी वाहणाऱ्या नलिकांना जोडले जाते. जोडाच्या जागी फांदीला गाठ येते, ती वर्षागणिक फुगत जाते. गंमत म्हणजे बांडगुळावरही बांडगूळ वाढते: व्हिस्कम वंशातल्या काही जाती नेमक्या याच्याच फांद्यांवर मुक्काम ठोकतात.

या झाडावर पोट असलेले पक्ष्यांखेरीजही बरेच आहेत. पिवळ्या पंखांवर लाल ठिपके मिरवणारे हळदीकुंकू फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर पुंजक्याने घालते, आणि सुरवंट ती पाने एकत्र बसून फस्त करतात. जंगलातले सगळे बांडगूळ काढून टाकले तर काय होईल, याचे उत्तर ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रत्यक्ष प्रयोग करून शोधले. न्यू साउथ वेल्समधल्या काही वनतुकड्यांमधून त्यांनी तिथल्या जातींचे बांडगूळ पूर्ण काढले आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. तीन वर्षांत तिथल्या कायम निवासी वनपक्ष्यांच्या जाती एक-तृतीयांशाहून अधिक घटल्या. सर्वाधिक फटका जमिनीवर किडे टिपणाऱ्या पक्ष्यांना बसला, बांडगुळाची फळे खाणाऱ्यांना नव्हे. कारण बांडगूळ पाने गाळताना त्यातली पोषकद्रव्ये फारशी परत घेत नाही. हा सकस पालापाचोळा खाली साचतो, त्यात किडे वाढतात. पक्षी त्या किड्यांवर जगत होते.

म्हणून मला बागेतले बांडगूळ आणि रानातले बांडगूळ यांना एकच माप लावणे चुकीचे वाटते. रानात ऐनावर, सागावर चार घोस दिसले म्हणून कोयता उचलायचे कारण नाही. हापूसच्या बागेत मात्र ते काढायलाच हवे, कारण एका झाडावरच्या फळांतून फुलटोच्या शेजारच्या दहा झाडांवर पेरणी करतो. नुसती पाने खुडून किंवा बुंध्यापाशी तोडून उपयोग होत नाही, सालीखाली राहिलेल्या शोषकमुळातून ते पुन्हा फुटते. गाठीच्या खाली निरोगी लाकूड लागेपर्यंत फांदी करवतीने कापावी, कापाच्या तोंडाला बोर्डो पेस्ट लावावी, आणि हे सगळे फळे पिकण्याआधी उरकावे. शेजारच्या बागाईतदारानेही त्याच हंगामात कापणी केली, तर पुढच्या वर्षी नव्या गाठी बऱ्याच कमी दिसतात.